अकरा हजार कुटुंबांच्या वतीने उपाशी

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी, आपल्या धाकट्या बहिणीच्या यजमानाचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्राच्या आरंभी इकडची खुशाली कळवून मग तिकडची विचारावी अशी रीत आहे. या खेपेस मी तो क्रम उलटा करतो, कारण इकडच्या खुशालीस कागद बराच लागणार आहे. तेव्हा आधी आपल्या डाव्या गुडघ्याचे वर्तमान कळावे. डॉक्टरांनी दिलेला पट्टा आपण गुडघ्यास बांधता की खुंटीस, तेही कळावे. खाणावळ बंद करून आपण चिरंजीवांकडे राहावयास गेलात त्यास आता वर्ष होईल. सूनबाईंनी आपणांस स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यास मनाई केली आहे, असे आपल्या दुसऱ्या पत्रावरून समजले व वाईट वाटले. तथापि (रागावू नये) चौघांच्या घरात साठ माणसांचा भात टाकणाऱ्या गृहस्थाचे कोणत्याही सुनेने दुसरे काय करावे, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही. चाळीस वर्षे ज्याचा हात साठाच्या मापावर बसला आहे त्यास चारांचे माप सांगणे क्रूरपणाचे आहे, आणि चार दिवस तोच भात खाणे हेही क्रूरपणाचेच आहे. मला दोन्ही बाजू समजतात. दोन्ही बाजू समजून घेऊन मध्ये कोठेतरी एक आकडा लिहिणे हाच माझा आजन्म व्यवसाय झाला आहे.

आपली तिन्ही पत्रे पोहोचली. पहिले चार पानी होते, दुसरे दीड पानी, आणि तिसऱ्या कार्डावर केवळ “जिवंत आहात का, तेवढं कळवा” एवढाच मजकूर होता. या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु इतक्या मोघम प्रश्नास एका शब्दात उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही, आणि सविस्तर उत्तर द्यावयाचे तर काही गोष्टी लिहाव्या लागतात ज्या लिहिण्याची तयारी नव्हती. त्यात सहा महिने गेले. या विलंबास सबब नाही. कारण आहे, ते पुढे योग्य ठिकाणी येईल.

माझ्या कामाविषयी आपणांस कधीच फारसा आदर वाटला नाही, हे मी तक्रार म्हणून नव्हे तर पार्श्वभूमी म्हणून लिहितो. माझ्या लग्नाच्या वर्षीच आपण चारचौघांत म्हणाला होता, “आकडेशास्त्री, तुम्ही उपाशी माणसं मोजता आणि मी त्यांना जेवायला घालतो. चाललंय दोघांचंही पोट त्यांच्याच जिवावर.” त्यावर मुंगी (आपण तिला लहानपणापासून याच नावाने हाक मारलीत, आणि ती जन्मभर एका जागी पाच मिनिटे बसली नाही, त्यामुळे मीही मनातल्या मनात तेच नाव धरून बसलो) मोठ्याने हसली होती. पत्नीने आपल्या भावाच्या अशा विनोदास हसावे की नाही, याविषयी त्या काळी माझे काही निश्चित मत होते. आता तसे काही मत उरलेले नाही.

तरीही पुढील हकीकत समजावी म्हणून थोडे सांगतो. जगातून भूक व दारिद्र्य किती हटले याचे मूल्यमापन दर तीन वर्षांनी होते. देशोदेशीची कार्यालये आपापले आकडे पाठवितात, जागतिक मंडळ ते एकत्र शिवते, आणि एक जाडजूड अहवाल निघतो, ज्यात सव्वातीन पाने आमची असतात. त्या सव्वातीन पानांतील भुकेची रेषा काढण्याचे काम अंदाज शाखेचे, आणि अंदाज शाखेचा प्रमुख मी. ही रेषा गेली तीस वर्षे खाली उतरत आली आहे. अलीकडे ती थकल्यासारखी उतरते. मी नोकरीस लागलो तेव्हा भूक संपण्याचे जे वर्ष अहवालात छापले होते ते माझ्या निवृत्तीच्या बरेच अलीकडे होते. दर अहवालागणिक ते पुढे सरकत गेले आणि आता ते माझ्या निवृत्तीच्या इतके पलीकडे आहे की ते पाहण्याची जबाबदारी माझ्यावर येणार नाही. गरिबीची रेषा निराळी. तिची व्याख्या नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी समितीने सुधारली. सकाळी बैठक बसली आणि दुपारचा चहा येईपर्यंत चार लाख माणसे दारिद्र्यातून वर आली. घरी जाऊन मी ही वार्ता मोठ्या समाधानाने सांगितली. मुंगी कांदा चिरत होती. मान वर न करता तिने विचारले, “त्यांना कळवलंत का?” मी तिला शांतपणे समजावून दिले की लाभ झालेल्या व्यक्तींना तसे कळविण्याची तरतूद नियमांत नाही. ती बरे म्हणाली आणि कांदा चिरत राहिली. तो प्रश्न मी विनोद समजलो होतो, व त्याची नोंद घेतली नाही.

असो. गेल्या फेरीसाठी संगणकाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरे निवडली, आणि त्यांत आमचे घर निघाले. कार्यालयातील अधिकाऱ्यांची घरे वगळावीत असा प्रस्ताव पूर्वी आला होता. तो मीच फेटाळला होता. (भूक अधिकाऱ्याचे दार ठोठावणारच नाही असे आपण आधीच कसे धरून चालावे, असे माझे त्या टिपणातील वाक्य होते. ते वाक्य त्या वेळी मला फार आवडले होते.) ज्या प्रगणक बाई आल्या त्या पूर्वी शाळेत गणित शिकवीत असाव्यात, निदान माझ्याशी त्या तशाच वागल्या. पायांत सपाट चपला, खांद्यावर पिशवी, पिशवीत वजनकाटा. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मी सांगितले नाही, कारण ओळख सांगितली की उत्तरे बिघडतात, असे आमच्याच पुस्तिकेत लिहिले आहे. त्यांचा पहिला प्रश्न, या घरात एका चुलीवरचे जेवणारी माणसे किती. मी उत्तर दिले, “दोन.”

हे वाचून आपण कार्ड नव्हे तर तार पाठवाल याची मला जाणीव आहे. कृपया पुढील वाक्य आधी वाचावे. आमच्या पुस्तिकेतील नियम बारा असा आहे, की कामानिमित्त, उपचारांसाठी अथवा अन्य कारणाने सहा महिन्यांहून कमी काळ घराबाहेर असलेली व्यक्ती ही कुटुंबाची सदस्यच धरावी. मुंगी ज्या दिवशी दवाखान्यात जाण्यासाठी घरातून निघाली त्यास त्या दिवशी साडेपाच महिने होत होते. बाईंनी आत डोकावून पाहिले आणि दुसरी व्यक्ती कोठे आहे असे विचारले. मी सांगितले, दवाखान्यात गेल्या आहेत, साडेपाच महिने होतील. यात एकही अक्षर खोटे नव्हते. बाईंनी ‘उपचारांसाठी बाहेर’ या चौकटीत खूण केली आणि आवाज जरा खाली आणून, होतील हो बऱ्या, असे म्हणाल्या. त्या चौकटीचे पुढे काय झाले हे विचारणारी चौकट आमच्या तक्त्यात नाही. तक्ता माझाच आहे.

मग त्यांनी स्वयंपाकघरातील जिन्नस वजनकाट्यावर ठेवले. एक पाव, त्यातील सात चकत्यांस बुरशी. चार अंडी. काही बटाटे, ज्यांना कोंब फुटून ते खिडकीच्या दिशेने निघाले होते. अर्धा लिटर दूध, जे बाईंनी वास घेऊन ‘दूध’ या सदरातून काढले व ‘इतर’मध्ये घातले. सात दिवसांत किती जेवणे चुकली, या प्रश्नास मी नऊ असे उत्तर दिले. संपूर्ण दिवस काही न खाता गेला काय, यास होय; एक बुधवार, आणि दुसरा कोणता ते आठवत नाही. का, असे त्यांनी विचारले नाही, कारण तक्ता कारण विचारीतच नाही. पंधरा वर्षांपूर्वी कारणांचे सदर मीच भांडून काढावयास लावले. कारण लिहिल्याने भुकेल्याची भूक कमी होत नाही, असा माझा युक्तिवाद होता. तो मला आजही बिनतोड वाटतो. जाताना बाई दारात थांबल्या आणि मला म्हणाल्या, बाई माणूस घरात नसलं की पुरुषांचं असंच होतं, निदान अंडी तरी उकडत चला. मी आभार मानले.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. सारी घरे मोजता येत नाहीत, म्हणून एक घर अनेक घरांच्या वतीने बोलते. आपण रश्शाचा एक थेंब तळहातावर घेऊन साठ पानांच्या मिठाचा निकाल लावीत होता, तसेच हे. पक्के घर, कायमची नोकरी, दारात चपलांचे कपाट, अशा ज्या वर्गात आम्ही मोडतो त्यातील अकरा हजार चारशे कुटुंबांच्या वतीने मी उत्तरे दिली होती. या वर्गात आजवर भूक शून्य होती. सहा आठवड्यांनी आकडे जुळवून आले तेव्हा अकरा हजार चारशे सुखवस्तू कुटुंबे एकाएकी उपाशी निघाली, आणि तीस वर्षे उतरत आलेली रेषा शेवटच्या टोकास नखाएवढी वर वळली. जगात इतक्या ठिकाणी इतकी माणसे खरोखरच उपाशी असता, अहवालात वर वळणारी रेषा माझ्या बटाट्यांमुळे वळावी, याची लाज शब्दांत मांडता येण्यासारखी नाही. मी दोनदा मांडून पाहिली.

आमचे संचालक (वयाने माझ्याहून लहान, काळजीने पुष्कळ मोठे) यांना महिन्याभरात जागतिक सभेपुढे प्रगतीवर भाषण करावयाचे आहे. भाषण तयार होते. त्यात उतरती रेषा तीन ठिकाणी होती. त्यांनी मला बोलावून विचारले की हे एक घर कोणते, आणि ते वेडे आहे की काय. निवडलेल्या घरांची ओळख गुप्त असते. मोहोरबंद पाकीट उघडण्याचा अधिकार फक्त अंदाज शाखेच्या प्रमुखास. मी ते पाकीट माझ्या खोलीत नेऊन उघडले, पाहिले, पुन्हा बंद केले. त्याच दुपारी मजकडे लेखी आदेश आला की सदर घराची पडताळणी मी जातीने करावी. नियमाप्रमाणे पडताळणी पूर्वसूचना न देता करावयाची असते. म्हणजे मी येणार आहे हे मला कळू न देता मी माझ्या घरी जाणे आवश्यक होते. हे साधण्यास दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी, एका बैठकीत कोणी तरी बोलत असता, मी मध्येच उठलो, छत्री घेतली आणि स्वतःस विचार करण्यास अवधी न देता घरी पोहोचलो.

सकाळचे अकरा वाजले होते. मी नोकरीस लागल्यापासून कामाच्या दिवशी त्या वेळी ते घर कधी पाहिले नव्हते. स्वयंपाकघरात ऊन टेबलापर्यंत आले होते. टेबलावर दोन बशा, दोन चमचे आणि दोन कप होते. दोन्ही कप चहाने भरलेले होते आणि दोहोंवर साय धरली होती. दादा, मी रोज सकाळी दोन कप मांडतो ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आणि त्यांतला एकही पीत नाही, हेही नव्हते. मग पडताळणी अधिकारी या नात्याने तक्त्यावर नोंद केली: भेटीच्या वेळी कुटुंबातील एकही व्यक्ती घरी आढळली नाही. ही नोंद नियमानुसार आहे, कारण पडताळणी अधिकारी स्वतःस मोजीत नाही.

आता ते कारण, जे पुढे लिहीन म्हटले होते. दवाखान्यात शेवटच्या पंधरवड्यात मुंगीच्या पोटात काही जाईना तेव्हा मी एक वही केली. किती चमचे, कोणत्या वेळी, किती परत आले. मला दुसरे काही येत नाही. ज्या दिवशी आपण आपल्या गावाहून गुडघा ओढत, तीन गाड्या बदलून, फडक्यात गुंडाळलेला सुपाचा डबा घेऊन आलात त्या दिवशी ती वही माझ्या मांडीवर होती. आपण डबा उघडलात, वहीकडे पाहिलेत, आणि माझ्या हातातील पेन्सिल काढून घेत म्हणालात, “मोजू नका हो. भरवा.” मी खोलीबाहेर गेलो. आपण तिला भरविलेत. तिने चार चमचे घेतले, आणि आपल्याशी काहीतरी बोलून ती हसलीही, हे मला बाहेरच्या बाकावरून ऐकू आले. त्या चार चमच्यांचीही मी तेथेच खिशातल्या पेनाने नोंद केली. आपण बाहेर येऊन ते पाहिलेत. त्यानंतर आपण माझ्याशी तोंडाने बोललेला नाहीत. पत्रे मात्र धाडलीत. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या हातचे चार चमचे आहेत आणि पुढे नोंद नाही. आपण म्हणालात ते बरोबर होते, एवढेच वाक्य असलेले पत्र मला सहा महिने लिहिता आले नाही. ते आज येथे लिहिले.

पुन्हा हकीकतीकडे येतो. ते घर माझेच, हे मी संचालकांस सांगितले. त्यांचा चेहरा प्रथम उतरला, आणि मग (सहानुभूती आटोपल्यावर) उजळला. ते म्हणाले, मग सोपं आहे साहेब. दोनाचं एक करा, भागाकार सुधारेल, रेषा खाली. त्यांनी तत्काळ नमुना सात मागवून माझ्यापुढे ठेवला. नमुना सात म्हणजे सदस्यसंख्येतील दुरुस्ती. त्यात कारणाच्या तीन चौकटी आहेत: स्थलांतर, विवाह, मृत्यू. (तक्ता कारण विचारीत नाही, पण नमुना सात विचारतो, हा विरोध आजवर माझ्या ध्यानात आला नव्हता.) मी तो कागद घरी नेला. अकरा दिवस तो टेबलावर दोन कपांच्या मध्ये होता. आज तर नियम बाराही माझ्या बाजूस उरलेला नाही. सहा महिने केव्हाच उलटले.

दरम्यान, कार्यालयातील दुसऱ्या एका शाखेने आपले काम चोख बजावले. उपाशी घरांची यादी आपोआप मदत शाखेकडे जाते, आणि मदत शाखा अंदाज शाखेस विचारीत नाही. एका सकाळी आमच्या दारात ‘एकही पोट रिकामे नको’ असे दोन्ही बाजूंस रंगविलेली गाडी येऊन उभी राहिली. तिच्यातून पीठ, तेल, दूध पावडर आणि पौष्टिक बिस्किटे यांची पेटी उतरली, दोन माणसांची. मी पेटी नाकारली. गाडीवाला म्हणाला की नाकारण्याचा फॉर्म संपला आहे, घेण्याचाच आहे. मी ‘लाभार्थी’ या शब्दाखाली सही केली. शेजारीण, जिचा व माझा परिचय बारा वर्षे पाण्याच्या नळापुरता होता, गच्चीतून हे सारे पाहत होती. “सांगायचं नाही का हो आधी?” असे ती म्हणाली, आणि संध्याकाळी तिने आपल्या यजमानांचा जुना स्वेटर पाठविला. भुकेवर स्वेटर का, हे मी विचारले नाही. मदत करणाऱ्याने हाताशी असेल ते द्यावे आणि घेणाऱ्याने लागत असेल त्याविषयी गप्प राहावे, असेच हे काम पुष्कळ ठिकाणी चालते, असे मला आमच्या फायली वाचून नेहमी वाटत आले आहे. स्वेटर ऊबदार आहे.

पेटीमागून दोन दिवसांनी परिचारिका आली. तिच्याकडे दंडाभोवती गुंडाळण्याची रंगीत पट्टी असते. हिरवा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर लक्ष द्यावे, तांबडा आला तर पुढील व्यवस्था. ही पट्टी आमच्या कार्यालयात गठ्ठ्यांनी पडलेली असते, पण माझ्या दंडास ती कधी लागली नव्हती. परिचारिकेने शर्टाची बाही वर सारली, पट्टी ओढली, आणि पिवळा आलेला पाहून माझ्या तोंडाकडे पाहिले. “आजोबा, हा दंड आहे की छत्रीची दांडी?” असे ती म्हणाली. मी तिला सांगितले की माझ्या घरासंबंधीच्या नोंदीत सदस्यसंख्येची चूक आहे व तिची दुरुस्ती चालू आहे. ती म्हणाली, दंडात कसली आलीये सदस्यसंख्या.

हे वाक्य मला बोचले. इतके दिवस जे गणित मी टाळले होते ते त्या दुपारी मांडले. आमच्या स्वयंपाकघरातून सात दिवसांत पोटात गेलेले अन्न दोघांत भागले असता रेषेच्या निम्म्यासही पोहोचत नव्हते, हे अहवालात आलेच होते. ते मी एकात भागून पाहिले. तरीही ते रेषेखालीच राहिले. दोनदा ताळा केला. म्हणजे दुरुस्तीने काही सुधारत नव्हते. दोन म्हटले तरी ते घर उपाशी होते आणि एक म्हटले तरी होतेच. नोंदीत चूक होती, पण निष्कर्षात नव्हती. तीस वर्षांत मी काढलेल्या अंदाजांपैकी हा सर्वांत अचूक ठरावा, आणि तो असा ठरावा!

संचालकांस मी हे टिपण करून दिले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला, आणि कधी नव्हे ते माझ्या बाजूस येऊन बसले. “जेवा हो साहेब,” ते म्हणाले. “पाया पडतो, पण जेवा. देशासाठी जेवा.” त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते, त्यातील किती माझ्यासाठी व किती भाषणासाठी, याचा अंदाज मी केला नाही. नियमाप्रमाणे संशयास्पद घराची फेरमोजणी करता येते. ती येत्या वीस तारखेस ठरली आहे, म्हणजे तेरा ते एकोणीस या सात दिवसांत मी जे खाईन तेच लिहिले जाईल. खोटा आकडा लिहिण्याची सूचना संचालकांनी केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. केली असती तर मी राजीनामा दिला असता हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून कार्यालयात मला जेवविण्याची मोहीम चालू आहे. टंकलेखिका डबा आणते. हिशेबनीस केळी ठेवून जातो. शिपाई माझ्या टेबलापाशी उभा राहून मी घास गिळला की नाही ते पाहतो आणि बाहेर जाऊन इतरांस सांगतो. दादा, माणूस मोजला जात असताना त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. हे मला माझ्या साठाव्या वर्षी कळले, आणि आमच्या पुस्तिकेत ते कोठेही नाही.

घरी मी प्रयत्न केला नाही असे नाही. बटाटे उकडले, ते बाहेरून विरघळले व आतून कच्चे राहिले, हे कसे साधते मला समजलेले नाही. अंडे किती मिनिटे उकडावे हे तीन ठिकाणी तीन प्रकारे छापले आहे, तेव्हा मी सरासरी काढली. ते अंडे सोलताना हातात फुटले. पण खरी अडचण यात नाही. परवा भात चांगला झाला. मी पान वाढून घेतले, बसलो, आणि समोर कोणी ‘मीठ बरोबर आहे ना’ असे विचारील म्हणून थांबलो. पाच मिनिटांनी उठलो व भात झाकून ठेवला. अन्न घरात आहे, शिजते आहे, ताटात येते आहे. ताटाच्या पुढे मात्र ते सरकत नाही. जगाच्या भुकेविषयी जे मोठमोठे अहवाल मी वाचले त्यांत हा टप्पा कोणी लिहिलेला नाही, आणि लिहू नयेच. ज्यांच्या ताटात मुळात काही येत नाही त्यांच्यापुढे हा टप्पा सांगणेही अशिष्टपणाचे आहे. म्हणून तो फक्त आपणांस सांगितला.

पत्र लांबले, क्षमा असावी. चिरंजीवांस व सूनबाईंस आशीर्वाद. गुडघा सांभाळावा.

आपला,
बहिणीचा यजमान

ता. क. एक कार्यालयीन बाब राहिली. नमुना सातवर कुटुंबप्रमुखाच्या सहीखेरीज दिवंगत सदस्याच्या माहेरच्या ज्येष्ठ पुरुषाचीही सही लागते. ती टपालाने चालत नाही. त्या व्यक्तीने जातीने, ज्या घराची नोंद आहे त्याच घरात, शक्यतो स्वयंपाकघरात बसून करावी लागते. तरी आपण तेरा तारखेच्या आत यावे. सहीस काही दिवस लागू शकतात.

दुसरा ता. क. येताना आपले मोठे पातेले आणण्यास हरकत नाही. साठ माणसांचे केलेत तरी येथे अडणार नाही; शेजारीण आहे, टंकलेखिका आहे, शिपाई आहे, आणि पेटीतले पीठ अजून तसेच आहे. स्वयंपाकघरात आपणांस कोणी मनाई करणार नाही. मी तेथे फक्त बसेन. जवळ पेन्सिल ठेवणार नाही.

तिसरा ता. क. पाकीट बंद करण्यापूर्वी खात्रीसाठी पुस्तिका उघडून पाहिली. माहेरच्या सहीचा असा कोणताही नियम नाही. तो मी वर रचला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटा नियम लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. एकाच सहीने भागते, आणि ती मी आज सकाळी केली. तरी यावे.